पाच फूट साडेनऊ इंचांचं रिलीज

सर्व संबंधितांस या प्रकरणाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, ऐंशीच्या दशकात बहारीनच्या बेटावर दोन शाळा, एक क्रीडा समिती, एक वर्कशॉप, एक अरब मालक आणि एकाच जिन्यावरची दोन बिऱ्हाडं यांच्यात जो अभूतपूर्व पेच निर्माण झाला, त्याचं कारण मी होते. माझी बुद्धी, रूप किंवा वागणूक यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो माझ्या उंचीचा. पंधराव्या वर्षी मी पाच फूट साडेनऊ इंच होते. त्यातला अर्धा इंच आईने कधीच मान्य केला नाही. "नऊच," ती म्हणायची. "अर्धा केसांचा आहे."

आई स्वतः पाच फुटांना एक इंच कमी. मी हे सगळं मुद्दाम, तिला त्रास द्यायला करते आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. दर सुट्टीत फ्रॉकची दुमड उसवायची, दर सत्राला सलवार आखूड व्हायची, आणि दर वेळी ती सुई तोंडात धरून माझ्याकडे खालून वर बघत विचारायची, "आणखी किती?" जसं काही मी वेळापत्रक लावून वाढत होते. मध्यंतरी तिने माझं दूध बंद केलं. मग मासे अर्धे केले. मी वाढतच राहिले. संगमेश्वरहून मामाची पत्रं यायची, त्यांत पाऊसपाणी, आजारपणं आणि शेवटी दोन ओळींत आसपासच्या होतकरू मुलांच्या उंच्या. पाच चार. पाच पाच. एकदा पाच सात आला, तेव्हा आईने ते पत्र देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं.

आम्ही नईममध्ये राहायचो, एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली रोट्यांची भट्टी होती, त्यामुळे पहाटेपासून घरभर भाजक्या खुबुझचा वास आणि जमीन बाराही महिने कोमट. बाबांनी कुणा परत जाणाऱ्या माणसाकडून खिडकीतला एसी घेतला होता. तो चालू झाला की पाण्याचा पंप लावल्यासारखा आवाज यायचा आणि सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचे. तो बंद केल्यावरही आम्ही ओरडूनच बोलत असू. आजही माझा नवरा माझा फोन कानापासून हातभर लांब धरतो, त्याला कारण तो एसी. शुक्रवारी बाबा मासळी बाजारातून हामूर आणायचे, आई त्याचं कालवण करायची, आणि कोकमं असायची गावाहून कुणीतरी कपड्यांच्या बॅगेतून आणलेली, त्यामुळे त्या माणसाच्या गंजिफ्रॉकांचा थोडासा गुलाबीपणा आमच्या ओळखीचा असे.

भट्टीच्या बाजूला, आमच्या बरोबर खालच्या खोल्यांत झुबेदा राहायची. तिचे वडील राजापूरकडचे, बाजारातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून. तिची आई खतीजाचाची. झुबेदा माझ्याच वर्गात, माझ्या काखेत मावेल एवढी, आणि तिच्या अंगात एवढा वेग की जिन्यावरून ती उतरली हे ती उतरून गेल्यावर कळायचं. तिच्याकडे एक बास्केटबॉल होता, घासून गुळगुळीत झालेला. तो जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत ती वर यायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली गो बाई भूकंपवाली!"

दोन्ही घरांत वाट्यांची ये-जा होती. खालून सांदण आलं की वाटी रिकामी परत जायची नाही; वरून घावन जायचे. त्याची पुन्हा वाटी यायची. हे चक्र कुणी सुरू केलं ते दोघींनाही आठवत नव्हतं आणि थांबवायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. ने-आण करायचं काम मुलींचं.

आमची शाळा म्हणजे भाड्याचा एक बंगला. अंगणात डांबर टाकलेलं, एक रिंग भिंतीवर आणि दुसरी सिमेंट भरलेल्या पिंपात रोवलेल्या खांबावर. जोराचा वारा आला की खांब कलायचा, मग डिसूझा सर, आमचे पीटीचे मास्तर, त्याला मिठी मारून उभे राहायचे आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून बास्केट मारायचो. मुलींची टीम सहा जणींची. त्यातल्या चौघी होत्या म्हणून होत्या. खरा खेळ दोघींचा. झुबेदा पांढऱ्या सलवारीची टोकं मोज्यांत खोचून बॉल घेऊन सुसाट सुटायची, मी रिंगखाली उजवीकडे जाऊन हात वर करायची, आणि बॉल तिथे यायचा. मी पळत नव्हते, उडी मारत नव्हते. नुसती हजर असायचे. खेळाचं एवढं सोपं स्वरूप मला फार आवडायचं.

याच पद्धतीने आम्ही एका वर्षी मोठ्या शाळेला हरवलं. मोठी शाळा म्हणजे खरोखर मोठी. स्वतःची इमारत, बसेस, आत छपराखाली लाकडी फ्लोअरचं कोर्ट, आणि एसी असा की आवाजच येत नाही. त्यांच्या कोचचं नाव राव सर. सामना संपल्यावर ते माझ्याकडे असे बघत उभे होते, जशी आई बाजारात ताज्या हामूरकडे बघते.

पुढच्याच शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, दार वाजलं. दारात राव सर, इस्त्रीचा शर्ट, हातात हलव्याचा डबा. आईने त्यांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. तिला दिसला एक सहा फुटी माणूस. त्याने बसल्याबसल्या बाबांना हिंदीत विचारलं, "लड़की की हाइट एक्झॅक्ट कितनी है?" मग वय विचारलं, मग कितवीत आहे, मग चष्मा आहे का. आई मला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली.

"साडी नेस."

"आई, ते कोच आहेत. मोठ्या शाळेचे."

"असू देत. नोकरी तर आहे."

"ते चाळीस वर्षांचे असतील!"

"च्च! उभं राहिल्यावर शोभेल, ते बघ. आणि वाक जरा. फार नको, जरा."

तिने दहा मिनिटांत शिरा केला, वरून वेलदोडा. राव सरांनी दोनदा वाखाणून खाल्ला आणि मग मुद्द्यावर आले. त्यांच्या शाळेत अकरावीपासून सायन्स होतं. आमच्या शाळेत नुसतं कॉमर्स. मी त्यांच्याकडे आले तर फी माफ, बस फुकट, प्रयोगशाळेत टेबलातून उगवलेल्या गॅसच्या शेगड्या; बदल्यात बास्केटबॉल खेळायचा. बाबांचे डोळे भरून आले. मला फार्मसीला घालायचं त्यांचं फार मनात होतं. आईने राव सरांच्या पुढ्यातली शिऱ्याची दुसरी वाटी हळूच उचलली आणि आत नेली.

मला सायन्स हवं होतं असं मी आजपर्यंत सगळीकडे सांगत आले, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा. खरं म्हणजे मला तो लाकडी फ्लोअर हवा होता.

झुबेदाला मी जिन्यातच सांगितलं. ती खालच्या पायरीवर, मी वरच्या. आमच्यातला फरक एरवीच पुरेसा होता, त्यात ही भर.

"मग आम्ही पाच उरतो," ती म्हणाली.

"पाचच लागतात ना खेळायला."

"आणि एकीला ताप आला तर? पाय मुरगळला तर? चौघींनी खेळायचं?"

"तुझ्या आईला घे."

हे विनोदी आहे असं मला वाटलं होतं. झुबेदाने बॉल काखेत घेतला. "त्या राव सरांना विचारलंस, दोघी येतो म्हणून?"

विचारलं होतं. सर म्हणाले होते, छोट्या मुली आमच्याकडे पुष्कळ आहेत. हे मी तिला सांगायला नको होतं. सांगितलं.

"जा गो," ती म्हणाली. "तुला उंची दिलीय अल्लाने. माझ्याकडून कायपण नाय मिळालं तुला." आणि ती खाली गेली. बॉल न आपटता गेली. त्या जिन्यावरून ती इतक्या शांतपणे उतरलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पुढे जे काही घडलं, नियम, शिक्के, समिती, त्या सगळ्याच्या तळाशी माझ्यापुरता प्रश्न एकच होता, की ही पुन्हा बोलणार आहे की नाही. पण घरात कुणालाच हा प्रश्न वाटत नव्हता. घरात प्रश्न होता रिलीजचा.

त्याचं असं होतं. मोठ्या शाळा दरवर्षी लहान शाळांची उंच मुलं पळवायच्या, म्हणून आंतरशालेय समितीने नियम केला होता: जुन्या शाळेने लेखी रिलीज दिलं तर खेळाडू नव्या शाळेकडून लगेच खेळेल, नाहीतर एक वर्ष बसेल. शाळा सोडल्याचा दाखला वेगळा, रिलीज वेगळं. डिसूझा सरांनी बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, हा साधा माणूस गोंधळेल. बाबा खुर्चीत सरसावून बसले. रिलीज! आखातात राहणाऱ्या माणसाला दुसरं काही कळो न कळो, रिलीज कळतं. मालकाने सोडल्याशिवाय नोकरी बदलता येत नाही, हे तर लहान मुलांना अक्षरओळखीच्या आधी माहीत असे. बाबा मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं स्टोअरकीपर होते. दुसरीकडून बोलावणं आलेलं असूनही त्यांनी स्वतःसाठी तो कागद मालकाकडे कधी मागितला नव्हता. पण तो कसा दिसतो, त्यावर शिक्का कुठे असतो, शाई कोणती, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"रिलीज मी आणतो," बाबा म्हणाले.

आता इथे बाबांचं तर्कशास्त्र वाचकांनी शांतपणे ऐकून घ्यावं, मला ते कधी जमलं नाही. माझा व्हिसा बाबांवर. बाबांचा व्हिसा अरबाबवर, म्हणजे त्यांच्या मालकावर. तेव्हा मी शेवटी कोणावर? अरबाबवर. म्हणून माझं रिलीज देणार कोण? अरबाब. "अहो, शाळेचं रिलीज शाळा देते," आई म्हणाली. एसी चालू होता. "शाळा काय देणार? शाळेकडे शिक्का आहे का गोल?" बाबा ओरडले.

पुढचा प्रसंग बाबांनी इतक्या वेळा सांगितला की मी स्वतः तिथे होते असं मला वाटतं. अरबाब हे अंगाने भरलेले, हसरे म्हातारे गृहस्थ, कागदांचा भारी कंटाळा. बाबा पुढे गेले आणि म्हणाले, माझ्या मुलीला रिलीज पाहिजे.

"बिंत?" अरबाबने विचारलं. "शुगल वेन?" म्हणजे मुलगी, आणि काम कुठे करते?

"शुगल मफी, अरबाब. बास्केटबॉल."

काम नाही, बास्केटबॉल, हे ऐकून अरबाबने थोडा विचार केला. मग हात हलवून "मफी मुश्किल!" म्हणत त्यांनी नायरकडे बोट केलं. नायर हा ऑफिसातला टायपिस्ट. त्याच्याकडे रिलीजचा एकच छापील नमुना होता, कामगारांचा, आणि तो नियमाबाहेर जाणारा माणूस नव्हता. त्याने तोच भरला. सदर कामगार, नाव शालन साळवी, हुद्दा फॉरवर्ड, स्वखुशीने काम सोडत आहे. वर्तणूक समाधानकारक. कामगाराच्या जागी बदली माणूस मिळालेला आहे. दुसऱ्या आस्थापनेत रुजू होण्यास आमची हरकत नाही. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी, खाली निळा गोल शिक्का, एवढा स्वच्छ उठलेला की बाबांनी तो रस्ताभर सुकवत आणला.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते आमच्या प्रिन्सिपल बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"मिस्टर साळवी, ही माझ्याकडे कामाला होती?"

"नो मॅडम. स्टॅम्प बघा."

"बघितला. इथे लिहिलंय, बदली माणूस मिळालेला आहे." बाईंनी टेबलावरून वाकून आमच्या मागे, दाराकडे पाहिलं. "कुठे आहे?"

बाबांनीही मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"शाळा सोडल्याचा दाखला मी आजच देते, मुलीच्या शिक्षणाच्या आड मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण माझी सहा मुलींची टीम पाचवर आली. या कागदात लिहिलेली बदली मुलगी माझ्या अंगणात येऊन उभी राहू दे. तोवर खेळाचं रिलीज नाही. खलास."

माझी खात्री आहे, दुसरा कुणीही बाप इथे हसून किंवा चिडून घरी गेला असता. बाबा बदली शोधायला निघाले. कागदावर लिहिलं आहे म्हणजे ते खरं करणं हे त्यांना अरबाबच्या इभ्रतीसाठी भाग होतं. पुढचे तीन शुक्रवार ते ओळखीच्या मराठी घरांत जाऊन चहा पीत मुलींच्या उंच्या विचारत होते. घरोघरी त्यांचं जंगी स्वागत झालं. मआमीरला एका ड्रायव्हरच्या घरी तर पुरणपोळी केली होती. मुलगी पाच फूट सहा, गोरी, सुगरण. फक्त आठवीत आणि उन्हात तिला चक्कर यायची. बाबा बास्केटबॉलचं बोलल्यावर तिच्या आईने विचारलं, "म्हणजे तुमच्या मुलाला खेळाची आवड आहे का?" बाबांना मुलगा नव्हता. हे त्यांनी सांगितलं आणि ती पुरणपोळी अर्धी राहिली. चौथ्या शुक्रवारी आईने त्यांचे जोडे लपवले. "एका घरात एक ताडमाड पुरे आहे. लोकांच्या पोरींच्या उंच्या मोजत फिरताय, जोड्याने मारतील एखादे दिवशी!"

तेव्हा मी बसले. एक वर्ष. नव्या शाळेने मला निळा-पिवळा ड्रेस दिला, बारा नंबर, नवे बूट दिले. राव सरांचं म्हणणं, टीमबरोबर राहिलंच पाहिजे. त्यामुळे प्रत्येक सामन्याला मी पूर्ण ड्रेस करून, बुटांच्या नाड्या बांधून, बाकाच्या टोकाला बसायची आणि पाण्याच्या बाटल्या पुढे करायची. आईला याचा जेवढा संताप आला तेवढा माझ्या उंचीचाही आला नव्हता. "बसायचंच होतं तर घरी बस ना! बसायला बसने कशाला जातेस?" प्रयोगशाळेतली शेगडी पहिल्याच महिन्यात माझ्या हातून बिघडली. लाकडी फ्लोअर तेवढा फार सुंदर होता. मी त्याच्याकडे बघत बसायची.

आणि वाट्या चालूच होत्या. खतीजाचाचीने सांदण केलं की झुबेदा वाटी घेऊन वर यायची. दार मीच उघडायची, कारण आई मुद्दाम हात पिठात घालून बसायची. झुबेदा माझ्या खांद्याच्या बाजूने आत बघत म्हणायची, "अम्मीने दिलंय." मी वाटी घ्यायची. दोन दिवसांनी मी खाली जाऊन म्हणायची, "आईने दिलंय." ती वाटी घ्यायची. वर्षभर आम्ही एकमेकींशी या दोन वाक्यांपलीकडे बोललो नाही. पण मला तिचं सगळं ऐकू यायचं. मागच्या भिंतीवर ती एकटी बॉल मारत बसायची, थड, थड, थड, आणि मी वर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून ते पास मोजत बसायची. पूर्वी त्यांतला प्रत्येक माझ्याकडे यायचा. आता भिंतीकडे.

माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी, सॉरी म्हणायचं ना. तिला काय सांगू! सोळाव्या वर्षी सॉरी म्हणायला जी उंची लागते ती माझ्याकडे नव्हती.

डिसूझा सरांच्या पाच मुली त्या वर्षी फायनलला कशा पोचल्या हे आजही कुणाला सांगता येणार नाही. एकीलाही ताप आला नाही. फायनल अर्थात आमच्याशी, म्हणजे मोठ्या शाळेशी, म्हणजे बघा, "आमच्या" हा शब्द मला अजूनही सरळ लिहिता येत नाही. आदल्या दिवशी प्रॅक्टिसनंतर राव सर बाकाच्या टोकाला माझ्या शेजारी येऊन बसले. वर्षभरात पहिल्यांदा.

"ती सात नंबर. तू तिच्याबरोबर खेळलीस ना?"

"तीन वर्षं. चांगली खेळते."

"ते मला दिसतं. काय चुकतं तिचं?"

मला त्या शाळेत वर्षभर कुणी काहीही विचारलं नव्हतं, बाटलीत पाणी आहे का एवढं सोडून. सगळ्या मुली ऐकायला जवळ आल्या. मी नाडी बांधता बांधता अगदी सहज, एखाद्या मोठ्या जाणकारासारखं म्हणाले, "उजवीकडे पास द्यायचा असला की ती आधी डावीकडे बघते. दर वेळी. तिला स्वतःला माहीत नाही."

मला माहीत होतं, कारण तिच्या उजवीकडे तीन वर्षं मीच उभी होते. राव सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. हामूरचं कालवण होतं. आईने कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "उंचीचा ताप असेल."

सामना एका क्लबाच्या हॉलमध्ये होता. आई आणि खतीजाचाची एकाच गाडीतून आल्या, एकाच थर्मासातला चहा प्यायल्या आणि ज्या कुणाच्या हातात बॉल असेल तिच्या नावाने दोघी मिळून ओरडत राहिल्या. बाबा शिक्क्याचा कागद खिशात घेऊन आले होते, न जाणो समितीचं मन बदललं तर. मी बाकावर, नाड्या बांधून.

पहिल्या पाच मिनिटांतच ते सुरू झालं. झुबेदाने बॉल घेतला, डावीकडे नजर टाकली, उजवीकडे पास सोडला. आमची रीना आधीच तिथे उभी. हात पुढे, बॉल तिचा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. झुबेदा स्वतःच्या हातांकडे बघायला लागली, जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत. डिसूझा सर ओरडत होते, "लुक अप, झुबेदा, लुक अप!" बिचारी वर बघत होती. तेच तर चुकत होतं. मध्यंतराला त्या दहा पॉइंटांनी मागे होत्या. पाणी प्यायला जाताना झुबेदा माझ्या समोरून गेली, आणि थांबली. रीनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला सगळं समजलंय असं मला वाटलं, आणि मी पाण्याची बाटली पुढे केली. का केली कोण जाणे, सवय. ती निघून गेली.

दुसऱ्या भागात तिने पास देणंच बंद केलं. एकटी घुसायची. आमच्या उंच पोरींच्या पायांमधून, कोपरांखालून, पडत, उठत. सलवारीचं एक टोक मोज्यातून निघून फरफटत होतं. आठने मागे, सहाने मागे. त्यांची एक मुलगी पाच फाऊल होऊन बाहेर गेली, तिच्या जागी यायला कुणी नव्हतं, आणि चौघी उरल्या. प्रिन्सिपल बाई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या. चौघींनी चारवर आणलं, मग दोनावर, मग एकावर. खतीजाचाची आता नुसतं "या अल्ला, या अल्ला" म्हणत होती आणि आई तिच्या पाठोपाठ "हो गो बाई, हो गो बाई."

शेवटचे काही सेकंद. बॉल झुबेदाकडे. राव सरांनी तीन मुली तिच्यावर सोडल्या, भिंतच, आता घुसायला जागा नाही, पास द्यावाच लागणार. आणि तिच्या उजवीकडे, रिंगखाली, त्यांची एक मुलगी एकटी उभी होती, हात वर करून. जिथे मी उभी राहायची तिथेच. झुबेदाने दम घेतला. मला तिचे खांदे दिसले, मान दिसली, मान डावीकडे वळायला लागलेली दिसली. रीनाने उजवीकडे जायला पाय उचलला. राव सर माझ्या शेजारी हसले.

मी केव्हा उठले मला माहीत नाही. मी बाकावर चढले होते असं पुढे आईने सगळ्यांना सांगितलं, म्हणजे किती फूट झाले असेन बघा. मोठ्या शाळेच्या निळ्या-पिवळ्या ड्रेसमध्ये, एक वर्ष न वापरलेल्या बुटांवर उभी राहून, खिडकीतल्या त्या एसीवर कमावलेल्या माझ्या सगळ्या आवाजानिशी, समितीसमोर, दोन्ही शाळांसमोर, बाबांच्या खिशातल्या शिक्क्यासमोर मी ओरडले:

"झुबे, डावीकडे बघू नको गो, मी सांगितलंय त्यांना!"